मिरजेचा तबला, पुण्याचं गाणं

"बाबा, खाली उजव्या कोपऱ्यात एक हिरवं चिन्ह दिसतंय का?"

"हिरवी दोन आहेत. कुठलं?"

"कानासारखं आहे ते."

"कान नाही कुठं. एक शिंपलं आहे."

"तेच. त्यावर दोनदा दाबा. आता एक चौकोन उघडेल, त्यात 'बफर' असं लिहिलेलं असेल."

"उघडला. अगं, हा बाण आपला आपण फिरायला लागला!"

"मी फिरवतेय, इथून. तुम्ही हात लावू नका."

"पुण्यातून?"

"पुण्यातून."

"मिरजेतलं पुण्यातून फिरवता येतं, हे तुझ्या आईला कळू देऊ नकोस," बाबा म्हणाले.

मी हसले. दाराबाहेर आई तानपुरा लावत होती. तिचा पंचम एकदाचा जुळला, की ती मला हाक मारणार होती. त्याआधी मला दोन शहरांतल्या दोन लॅपटॉपांची मोट बांधायची होती.

ही पहिल्या टाळेबंदीतली गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी माई कवठेकरांच्या पुण्यतिथीची मैफल होती. माई म्हणजे आईच्या गुरू. एरवी ही मैफल सभागृहात व्हायची, त्या वर्षी आपापल्या घरी बसून इंटरनेटवर करायची ठरली. आणि नेमका आईच्या साथीला तबल्यावर नेहमी असणारा पुष्कर तापाने आडवा झाला. संयोजक दातीरांनी व्हिडिओ कॉलवर भीत भीत सुचवलं, की तबल्याचं ॲप लावून गाता येईल. आईने त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की बिचारे खुर्चीसकट मागे सरकले. मग संध्याकाळी कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मिरजेला विचारून बघ."

मिरजेला म्हणजे बाबांना. नऊ वर्षं ते दोघं वेगळे राहत होते आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. कोर्टकचेरी नाही, भांडणतंटा नाही. बाबा एका मैफलीनंतर थेट मिरजेच्या गाडीत बसले ते परत आले नाहीत, एवढंच. तेव्हापासून दोघांच्या मधला टपाल खात्याचा कारभार माझ्याकडे होता. आईचा निरोप मी मिरजेला सांगितला. बाबांनी एवढंच विचारलं, "कुठला राग गाणार आहे?"

"तोडी. शेवटी भैरवी."

"बरं."

त्या 'बरं'वर मी दोन दिवस तरंगत होते. मी जाहिरातींच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. स्टुडिओ बंद होता, पण जे येत होतं ते सगळं मी या मैफलीसाठी पणाला लावलं. माझा जुना लॅपटॉप मिरजेला पडून होता. दोन्हीकडे एक प्रोग्रॅम घातला आणि एक व्हर्च्युअल साउंड कार्ड. हे कार्ड हातात धरता येत नाही. लॅपटॉपच्या आतच बसलेलं खोटं कार्ड ते, एका प्रोग्रॅममधला आवाज उचलून दुसऱ्याच्या ओंजळीत टाकतं. बाबांचा तबला आईच्या कानात, आईचं गाणं बाबांच्या कानात आणि दोन्ही मिळून श्रोत्यांकडे, अशी ती देवाणघेवाण होती. सगळी मेख त्याच्या बफरमध्ये होती.

बफर म्हणजे काय, ते बाबांना मी नळाच्या भाषेत सांगितलं होतं. नळाखाली भांडं धरायचं, भरलं की पुढे ओतायचं. भांडं लहान असलं तर पाणी लगेच पुढे जातं, पण नळाने मध्येच आचका दिला की धार तुटते. हंडा धरला तर धार तुटत नाही, पण हंडा भरेपर्यंत थांबावं लागतं.

"मग मधलं पातेलं धर की," बाबा म्हणाले होते.

"चारू!" बाहेरून हाक आली. "झालं का तुमचं?"

मी बफर एकशे अठ्ठावीसवर ठेवला आणि दार उघडलं.

आई हेडफोन लावून बसली, तोडीचे चार सूर घेतले आणि मध्यलयीत माईंची बंदिश उचलली. मिरजेहून तबला आला तो तव्यावर मोहरी तडतडावी तसा. आईने दचकून हेडफोन कानापासून लांब धरला.

"डग्गा फुटलाय का त्यांचा?"

"डग्गा शाबूत आहे म्हणावं," हेडफोनमधून बाबा म्हणाले. म्हणजे दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येत होतं. तरी बोलणं माझ्यामार्फतच.

मी बफर पाचशे बारावर नेला. तडतड थांबली. पुन्हा बंदिश, पुन्हा तबला, आणि या वेळी माझ्या अंगावर काटा आला. लहानपणी शाळेतून येताना जिन्यात ऐकू यायचं, तेच. आईने डोळे मिटले. दोन आवर्तनं झाली, चार झाली. मी श्वास सोडणार, तेवढ्यात लक्षात आलं की लय पडतेय. अगदी थोडी थोडी, उतारावरची सायकल चढावर यावी तशी. आणखी चार आवर्तनांत मध्यलयीची विलंबित झाली आणि आई थांबली.

"काय चाललंय हे? मागे ओढतायत मला."

"मी ओढतोय?" बाबा कडाडले. "चारू, तिला विचार, समेवर कोण वेळेवर येईना झालंय?"

"समेवर? मी? त्यांना सांग, माईंनी मला—"

"थांबा!" मी ओरडले. "कुणीच ओढत नाहीये. आवाज पोचायला वेळ लागतोय. बाबा, तुम्हाला आईची सम उशिरा ऐकू येते, म्हणून तुम्ही तिला सांभाळून घ्यायला किंचित थांबता. तुम्ही थांबलात की ती थांबते. मग परत तुम्ही. अशी लय खाली येते."

आई माझ्याकडे बघत राहिली. "ते? आणि मला सांभाळून घ्यायला थांबतात?"

तिकडून बाबांचं कोरडं हसू आलं. "तुझी आई माझ्यासाठी थांबते होय? मग मशीन नक्कीच बिघडलंय."

उशीर होता चुटकी वाजवण्याहूनही कमी. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. पण या दोघांनी उभा जन्म त्या चुटकीच्या आतच काढला होता. तिथे काही हललं, तर ते माणसाने मुद्दाम हलवलेलं असणार, यावर दोघांचा ठाम विश्वास होता. मशीनला लय बिघडवता येते, हे त्यांना अपमानास्पदच वाटलं असतं. मी दोनशे छप्पन्न लावून पाहिलं. मधलं पातेलं. तडतड थोडी आली आणि लयही थोडी पडली. दुष्काळात तेरावा महिना.

तिसऱ्यांदा लय पडली तेव्हा आईने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. आवाज चढवला नाही. ती चिडली की आवाज चढवत नाही, तेच वाईट असतं.

"दातीरांना कळव. मी नुसत्या तानपुऱ्यावर गाईन. तबला नको."

बाबांनी ते ऐकलं. मी समोर फोनवर आवाज बंद करून व्हिडिओ कॉलही लावून ठेवला होता. त्यात दिसलं, त्यांनी तबल्यावर गवसणी चढवली, नाडी ओढून बांधली आणि ते उठून चौकटीबाहेर गेले.

मला रडूच आलं. नऊ वर्षांनी एक फट पडली होती आणि ती माझ्याच मशीनने बुजत होती. दोघं आता मरेपर्यंत म्हणणार होते, की बघ, एवढ्या वर्षांनी एक संधी दिली तर तेव्हाही मुद्दामच केलं. मी आईला म्हटलं, सकाळपर्यंत दातीरांना काही कळवू नकोस. ती म्हणाली, "तुझ्या समाधानासाठी." त्यात समाधान कुणाचंच नव्हतं.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बफर मोठा केला तर उशीर, लहान केला तर तडतड. मी तेच दळण दळत बसले होते. पहाटे चहा ठेवताना एकदम ध्यानात आलं, की मी चुकीच्या गाठीशी झोंबतेय. उशीर झाला तर बिघडतं काय? श्रोते ऐकणार ते पुण्याहून. बाबांचा तबला इथे कितीही उशिरा पोचला, तरी आई त्या पोचलेल्या तबल्यावर गाईल, आणि श्रोत्यांना दोन्ही एकत्रच ऐकू येईल. बिघडत होतं ते फक्त आईचा आवाज परत मिरजेला जात होता म्हणून. बाबा तो ऐकत होते म्हणून.

चहा उतू गेला. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. कारण हे बाबांना सांगायचं होतं आणि काय सांगायचं ते मला नीट कळलं होतं.

बाबा रियाजाला उठलेलेच होते. पहिल्या रिंगलाच फोन घेतला.

"बाबा, एक मार्ग आहे. पण तो तुम्हाला आवडणार नाही."

"सांग की."

"तुम्ही आईचं ऐकायचं नाही. म्हणजे सुरुवातीला ऐकायचं, ठेका धरायचा, आणि मग मी तिचा आवाज तुमच्याकडे जायचा बंद करीन. तुम्ही वाजवत राहायचं. एकसारखं. मी फोनवर समोर बसते. तळहात वर केला की लय किंचित वाढवा, मूठ केली की तिहाई घेऊन संपवा. तिच्या गाण्यात काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही, त्यामुळे मध्ये काही… म्हणजे उठाण, तुकडे, अशी काही सजावट…" मी अडखळले.

पलीकडे लांबून कुठेतरी रेल्वेचा भोंगा ऐकू आला.

"म्हणजे सरळ ठेका धरायचा," बाबा म्हणाले. "असंच ना?"

नऊ वर्षांपूर्वी साताऱ्याच्या मैफलीत, भरल्या सभेत, माईकवरून आई त्यांना हेच म्हणाली होती. "दिगंबरराव, सरळ ठेका धरा." गाणाऱ्याने साथीदाराला चारचौघांत असं म्हणणं म्हणजे मुस्कटात मारण्यासारखंच. तिचंही अगदी चुकलं नव्हतं, बाबा त्या दिवशी तिच्या प्रत्येक तानेवर कडी करत सुटले होते. त्यांनी उरलेली मैफल बोटभरही इकडे-तिकडे न होता सरळ ठेक्यात वाजवली, तबला बांधला आणि स्टँडवर जाऊन मिरजेची गाडी पकडली. मी विंगेत उभी होते. तेच वाक्य आता मी, त्यांची मुलगी, पहाटेच्या वेळी फोनवरून त्यांच्या तोंडात घालत होते.

"मग ॲप काय वाईट होतं?" बाबांनी विचारलं. आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता.

"आई ॲपवर गाणार नाही."

"आणि बहिऱ्यावर गाईल?"

"तिला सांगणार नाहीये मी."

मी हातातल्या फडक्याने ओटा पुसत होते, तोच तोच भाग.

"एक कर," शेवटी ते म्हणाले. "आवाज तू बंद कर. माझ्यावर सोडू नकोस. माझ्या कानात तिचा सूर आला तर मी ऐकणारच. आणि ऐकलं तर हात गप्प बसायचा नाही. ते तेव्हाही जमलं नाही, आत्ताही नाही जमणार."

"बरं."

"आणि तिला सांगू नकोस. कधीच."

आईला मी म्हटलं, रात्रीतून सेटिंग सापडलं, एकदा शेवटचं करून बघ. तिने भुवई वर केली, पण हेडफोन घेतला. मी बफर सरळ हजार चोवीसवर नेला. आता उशीर होणारच, तर पोटभर होऊ दे. तबला असा स्वच्छ आला, की शाईवरचं बोट ऐकू यावं. चार आवर्तनं झाली, आठ झाली. लय खांबासारखी उभी होती. आईने चकित होऊन माझ्याकडे पाहिलं. मी नजर लॅपटॉपवर ठेवली.

मैफल सुरू झाली. आईचे आलाप संपले, बंदिश उचलली गेली, बाबांनी ठेका धरला आणि मी त्यांच्याकडे जाणाऱ्या आवाजावर क्लिक केलं. फोनच्या पडद्यावर मला त्यांचा चेहरा दिसत होता. आवाज गेला त्या क्षणी त्यांनी मान थोडी वर केली, वीज गेल्यावर माणूस दिव्याकडे बघतो तशी. हात थांबले नाहीत.

आईमागे बसून मी तळहात दाखवत होते. आई त्या दिवशी काय गायली, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. पहिल्या काही तानांत ती सावध होती, कुठून धक्का बसेल याची वाट बघत. धक्का आला नाही. मग तिने अंग सैल सोडलं. मात्रा सोडून सूर लांबवायचा, समेच्या आधी कड्याच्या टोकापर्यंत जायचं आणि अलगद परत यायचं, हे सगळं ती मनमुराद करत सुटली. दर वेळी परत आली की ठेका तिथेच असायचा. माझी मात्र प्रत्येक समेला पाचावर धारण बसत होती. इंटरनेट अडकलं तर? बाबांचा हात चुकला तर? त्यांना अंदाजाने एखादी जागा घ्यावीशी वाटली तर?

पण खरी भीती भैरवीत होती. भैरवीतल्या दादऱ्यात शेवटी गाणारा मुखडा घोळवत बसतो आणि तबल्याला लग्गीसाठी, म्हणजे दुप्पट लयीतल्या रंगीत वादनासाठी, मोकळं रान देतो. बाबांची लग्गी ऐकायला लोक मुद्दाम थांबायचे. आईने आता मुखडा धरला. पुन्हा धरला. वाट बघत होती ती. मी फोनसमोर ओठ हलवून म्हटलं, "लग्गी." त्यांना कळलं. त्यांचे डोळे चमकले, उजवा हात किंचित उचललाही गेला. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली. लग्गी सुटली आणि ती कुठे उतरली ते कळलं नाही तर तिचं गाणं पडलं असतं. ते दादरा वाजवत राहिले. आईने एकदा दुप्पट लयीत सूर टाकून बघितला, तिसऱ्यांदा मुखडा घोळवला, थांबली, आणि मग तोच मुखडा घेऊन इतक्या हळुवार वर गेली, की मी मूठ करायचीच विसरत होते. शेवटी मूठ केली. छोटीशी तिहाई आली. आईने ती ऐकली आणि तिच्याबरोबर समेवर आली.

दातीर काहीतरी बोलत होते, पडद्यावर नमस्काराची चित्रं धो धो येत होती. मी सगळं बंद केलं. राहिला फक्त मिरजेचा धागा. आईने हेडफोन काढला नव्हता.

"चारू, आहेत का ते अजून?"

मी त्यांच्याकडे जाणारा आवाज पुन्हा सुरू केला. "आहेत."

"अहो," आई म्हणाली.

नऊ वर्षांत पहिल्यांदा मध्ये मी नव्हते. फोनवर बाबांनी हातांची पावडर पुसता पुसता मान वर केली.

"हं."

"भैरवीत जागा सोडली होती तुमच्यासाठी. घेतली नाहीत."

बाबा पुसलेला हातच पुन्हा पुसत राहिले.

"इतकं नुसतं माझं ऐकत कधी वाजवलं नव्हतंत," ती म्हणाली. तिचा आवाज गाऊन बसला होता. "आज ऐकलंत माझं."

माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. पण त्याहून जास्त भीती बाबांची वाटली. तबल्याच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोललेला नाही. एक मात्रा चुकली तरी भर मैफलीत कान पकडणारा माणूस. ते आता खरं सांगणार आणि आई उठून जाणार, हे मला दिसायलाच लागलं.

"हो," बाबा म्हणाले. "ऐकलं."

"कसं झालं?"

हे ती कुणालाच विचारत नाही. माई गेल्यापासून तर नाहीच.

बाबांनी हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं.

"उद्या सकाळी परत गाशील?" ते म्हणाले. "हेच सगळं. तोडीपासून. मी तबला घेत नाही. नुसता बसतो."

"परत?" आई हसली. "एवढं आवडलं?"

"गा की. मला ऐकायचंय."

आईने हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि फोन उचलून, त्याचा आवाज सुरू करून स्वतःच्या कानाला लावला.

"साध्या फोनवरच गाते मग," ती म्हणाली. "चारूची ती मशीनं नकोत मध्ये."